बाईंचा वाडा

मेणवलीच्या वाड्याला सगळे नाना फडणवीसांचा वाडा म्हणतात. पुस्तकांत तसं आहे, पाट्यांवर तसं आहे, वाईच्या स्टँडवर रिक्षावाल्याला विचारलं तरी तो तेच नाव घेतो. माझ्या आजोळी मात्र ही सवय नव्हती. आजी म्हणायची, 'बाईंचा वाडा'. "बाईंच्या वाड्याकडनं गेलीस तर चिंचा घेऊन ये," किंवा "बाईंच्या वाड्यामागं जाऊ नका रे पोरांनो, वानरं आहेत." लहानपणी मला वाटायचं, तिथं अजून कुणी बाई राहतात आणि त्या भारी कडक असणार. कारण त्यांचं नाव निघालं की आजी आपसूक पदर सारखा करायची.

या बाई म्हणजे जिऊबाई, नानांची शेवटची बायको. पेशवाईवरच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला फार तर दोन-चार ओळी येतात. नानांची लग्नं नऊ झाली, पण वंश चालवायला मूल काही राहिलं नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यात वारले तेव्हा मागं दोघीजणी उरल्या होत्या. त्यांतली एक थोड्याच दिवसांत गेली. उरल्या जिऊबाई, वय वर्षं नऊ.

आजी इथं थांबायची. माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "तुझ्याएवढी हो." मी तेव्हा चौथीत असेन, केसांना लाल रिबिनी बांधून. नऊ वर्षांची विधवा आणि तीही साऱ्या दौलतीचा कारभार ज्याच्या हाती होता त्या माणसाची, हे डोक्यात शिरण्याजोगं माझं वय नव्हतं. मी आपली विचारायची, "मग त्या खेळायच्या कुणाशी?" आजीकडं याला उत्तर नसे. ती लसूण सोलत राहायची.

नानांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२, साताऱ्याचा. घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं. १७६१ साली पानिपतावरून जीव घेऊन परत आले, आई मात्र त्या धुमाळीत गेली. हे दुःख त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. पुढं १७६८ च्या सुमाराला औंधच्या पंतप्रतिनिधींकडून मेणवली मिळालं आणि साधारण १७८० च्या आगेमागे कृष्णाकाठी हा सहा चौकांचा वाडा, चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि मेणेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पण नानांचा जन्म सगळा पुण्यात गेला. बारभाईंचं कारस्थान, सवाई माधवरावांचं लहानपण, एकीकडं इंग्रज, एकीकडं निजाम, घरात शिंदे-होळकरांचे रुसवेफुगवे. एवढ्या व्यापातून उठून मेणवलीला यायला त्या माणसाला सवड किती मिळणार? आजीनं याचा निकाल तीन-चार शब्दांतच लावून टाकला होता. "बांधला त्यांनी, राहिल्या या."

त्या इथं येऊन राहिल्या तोही सरळ रस्त्यानं नव्हे. नाना गेल्यावर त्यांच्या संपत्तीवर दुसऱ्या बाजीरावाचा डोळा होता आणि नानांची म्हणून उरलेली ही पोर त्या ओढाताणीत सापडली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले, त्या गोंधळात जिऊबाई लोहगडावर पोचल्या. गड नानांच्या भरवशाच्या माणसाच्या, धोंडो बल्लाळ निजसुरे यांच्या ताब्यात होता. पुढं जनरल वेलस्ली मध्ये पडला. नंतर वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच हा वेलस्ली. त्याच्या हमीवर बाईंना पनवेलला पोचवण्यात आलं आणि सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक करून दिली गेली. व्हॅलेन्शिया नावाचा एक इंग्रज लॉर्ड त्या दिवसांत पनवेलला जाऊन त्यांना भेटला आणि त्यांच्या रूपाचं वर्णन आपल्या प्रवासाच्या पुस्तकात लिहून गेला. मग पेशवाई बुडाली, साताऱ्याला छत्रपतींचं राज्य इंग्रजांच्या छायेत बसलं, आणि बाई मेणवलीला आल्या त्या इथल्याच झाल्या. दत्तक घेतला, दिवाबत्ती चालू ठेवली. १८५४ साली वारल्या. म्हणजे सत्तावन्नचं बंड तीन वर्षांवर आलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी जुनी गोष्ट आणि तुझ्या आजीचा तिच्याशी काय संबंध? तो सांगते.

माझ्या आजीच्या आजेसासूबाईंना घरात थोरल्या आई म्हणत. त्यांची आई बाईंच्या वाड्यावर सोवळ्यातल्या स्वयंपाकाला होती आणि थोरल्या आई परकऱ्या वयात आईच्या मागं मागं तिथं जायच्या. बाई वारल्या तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या असाव्यात. त्यांचं लग्न गावातच झालं. त्या भरपूर जगल्या, इतक्या की नातसून म्हणून दहा-अकरा वर्षांची माझी आजी या घरात आली तेव्हा तिला रात्री कुशीत घेऊन निजवायला त्याच होत्या. नव्या नवरीला घरची आठवण येऊन रडू फुटायचं आणि मग थोरल्या आई तिला वाड्यावरच्या गोष्टी सांगायच्या. त्याच गोष्टी आजीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात बाजेवर पडून आम्हाला सांगितल्या. नानांना पाहिलेल्या जिऊबाई, जिऊबाईंना पाहिलेल्या थोरल्या आई, त्यांच्या कुशीत निजलेली माझी आजी आणि आजीचं बोट धरून घाटावर गेलेली मी. पेशवाई किती लांब वाटते! आमच्या घरात ती चार बायकांच्या अंतरावर होती.

थोरल्या आईंनी काय काय सांगितलं होतं? इथं माझी पंचाईत होते, कारण एकच गोष्ट आजीनं मला एक सांगितली आणि मावशीला दुसरी. संध्याकाळी परवचा म्हणायला गावातली पोरं वाड्याच्या ओसरीवर जमायची आणि पाढे न चुकता म्हणणाऱ्याला बाई आपल्या हातानं खारीक द्यायच्या, असं मला पक्कं आठवतं. मावशी म्हणते खारीक नव्हे, डिंकाची वडी. मामी तर दोघींना वेड्यात काढते. तिच्या म्हणण्याप्रमाणं पाढे चुकणाऱ्यालासुद्धा मिळायचं, फक्त अर्धं. मला मामीचं म्हणणं खरं असावंसं वाटतं, कारण अर्धी खारीक हा तपशील कुणी मुद्दाम रचत नाही.

दुसरी एक गोष्ट तिघींच्याही सांगण्यात सारखी येते. वाड्यात रोज हिशेब वाचला जायचा आणि बाई जवळच्या खोलीत बसून तो पुरता ऐकायच्या. मध्येच एखादी रक्कम त्यांना खटकली तर त्या आतूनच बांगडी नसलेल्या हातानं दारावर टकटक करायच्या. कारकून थांबायचा आणि तो आकडा पुन्हा वाचायचा. थोरल्या आई सांगायच्या, की कारकुनाला त्या टकटकीची भीती फार. हे खरं की खोटं, मला माहीत नाही. कोर्टात टिकेल असा पुरावा एकही नाही. पण नऊ वर्षांच्या वयात जिच्या पैशापायी मोठमोठी माणसं हमरीतुमरीवर आली, तिनं पुढं जन्मभर हिशेब कान देऊन ऐकला असेल, यावर माझा विश्वास बसतो.

खाण्याचं सांगितल्याशिवाय आजीची कुठलीच गोष्ट संपत नसे. आमचा भाग तसा भाकरीचा आणि घेवड्याचा. वाघ्या घेवड्याची घट्ट आमटी, वर कच्चा कांदा, बाजूला गुळाचा खडा, याच्यापुढं सातारकडच्या माणसाला काही सुचत नाही. पण आजीकडं गौरी-गणपतीत हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्या व्हायच्या. वाईच्या मळ्यांत हळद मुबलक, त्यामुळं पानांना तोटा नव्हता. तरी आळीतल्या बाकीच्या घरांत हा पदार्थ माहीतसुद्धा नसे. आजीचं यावर ठाम मत होतं. भानू मंडळी वेळासची, त्यांच्या मुदपाकखान्यातली रीत कोकणची, आणि थोरल्या आईंच्या आईनं ती वाड्यावरून आपल्या चुलीवर आणली. म्हणजे समुद्राकाठची पातोळी घाट चढून, फडणविसांच्या वाड्याला वळसा घालून आमच्या ताटात आली. इतिहासकारांनी याला भुवया उंचावल्या तर उंचावू देत. ती पानं उघडताना जो वास सुटायचा, तो आजही बाजारात ओली हळद दिसली की नाकाशी येतो.

घाटावरची घंटा हा आम्हा पोरांचा खास ठेवा होता. मेणेश्वराजवळ छोट्याशा घुमटीत ती टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. पण आजीला मेरी कुठली ठाऊक! तिच्या डोळ्यांना त्या घंटेवर लेकरू कडेवर घेतलेली बाई दिसली आणि श्रावणातल्या शुक्रवारी भिंतीवर जिवतीचा कागद लावून पुजणाऱ्या बाईला ती कोण हे सांगायला लागत नाही. श्रावणात घाटावर गेली की ती त्या घंटेकडं बघून हात जोडायची आणि आम्हा नातवंडांची नावं पुटपुटायची. पुढं मला शिकून सवरून कळलं की ती जिवती नव्हे. हे आजीला मी कधी सांगितलं नाही. आमची सगळी भावंडं धडधाकट वाढली, मग कुणी ऐकलं असेल ते असो.

आजोळचं घर वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. वाड्यापुढं अगदीच लहान. पण दगडी जोत्याचं, सागवानी खांबांचं, कडीपाटाचं. वाडा बांधून उरलेलं सागवान आमच्या घराला लागलं, असं आजोबा छाती फुगवून सांगायचे. ओसरी, माजघर, देवघर, अंधारी बाळंतिणीची खोली, भिंतीत धान्याचं बळद आणि मागल्या दारी न्हाणी. बाळंतिणीच्या खोलीत आईसकट सगळी भावंडं जन्मली. त्या खोलीच्या चौकटीवर गेरूच्या बारीक रेघा होत्या. मला वाटायचं दुधाचा हिशेब असेल. मामी म्हणाली, नाही गं, एकेका बाळंतिणीचे दिवस मोजलेत ते.

या घरानं पाहिलं थोडं नाही. प्लेगच्या साथीत गाव रिकामं करून लोक माळावर झोपड्यांत राहायला गेले, तेव्हा घराला कुलूप लावून आजोबांचे आजोबा रोज लांबून एक नजर टाकून जायचे म्हणे. १९४८ च्या फेब्रुवारीत, गांधीजींच्या हत्येनंतर, सातारा जिल्ह्यात कितीतरी ब्राह्मणांची घरं जळाली. त्या रात्रीबद्दल आजी कधी मोकळेपणी बोलली नाही. एवढंच सांगायची, की शेजारच्या मळ्यातले दोघं भाऊ कुऱ्हाडी घेऊन आमच्या दारात बसले होते आणि त्यांच्या आईनं पहाटे चहा करून आमच्या माणसांना पाजला. ती पितळी किटली त्यांच्याकडं अजून आहे. मग कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं. तो न्याय होता, हे आजोबांनीही तेव्हा कुरकुरत का होईना कबूल केलं. पण जमिनीच्या खंडावर चालणारी घरं त्यानंतर बसली. कुणी पुण्याला कारकुनी धरली, कुणी मुंबईला गिरगावात खोली घेतली. सातारा-वाईकडचे किती वाडे त्या दहा-पंधरा वर्षांत कुलपात गेले, ते जुन्या पोस्टमनला विचारा.

आणि भूकंप. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा. पुण्यातसुद्धा आमच्या फळीवरची भांडी पडली. आई रडत सुटली, कारण आजी-आजोबा मेणवलीला दोघंच. तार आली तेव्हा कळलं, मागची भिंत फाटली होती, बाकी घर उभं. आजोबांनी नंतर मला त्याचं कारण समजावून सांगितलं होतं. जुन्या घराचा भार भिंतीवर नसतो, खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो. लाकूड खुंट्यांनी एकमेकांत अडकवलेलं, त्यामुळं ते हलतं, कुरकुरतं आणि परत जागेवर येतं. "माणसानंही असंच असावं," असं पुढं जोडायला ते विसरले नव्हते. आजोबा मास्तर होते, त्यामुळं तात्पर्याशिवाय त्यांचं काही संपायचं नाही.

आजी-आजोबा गेले, मामाही थकला. काही वर्षांपूर्वी मामेभावानं घर पाडून दोन मजली बंगला बांधायचं काढलं. त्याचीही बाजू होती. पावसाळ्यात कौलं सारखी करायला माणूस मिळत नाही, तुळयांना वाळवी, उंदीर, आणि मुंबईहून महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्याला संडास अंगणापलीकडं हे सोसत नाही. मामी त्याला काही बोलली नाही. तिनं फक्त सांगितलं, "पाड, पण आधी बळद उपस. त्यात थोरल्या मामंजींनी काय काय टाकलंय, ते बघ."

बळदात तळाशी चोपडलेल्या कापडात बांधलेलं एक बाड निघालं. मोडीतलं. धान्याच्या कोठारात कागद कशाला लपवले असतील, याचं कारण जुनी माणसं सांगायची. १८५२ मध्ये इंग्रजांनी इनाम कमिशन कायद्यानं बसवलं आणि इनामं कुठल्या कागदाच्या आधारावर खाता ते दाखवा म्हणून चौकशी लावली. कितीतरी जणांची इनामं त्यात गेली. तेव्हापासून घरोघर कागदाची अशी धास्ती बसली, की कुणी ते भिंतीत चिणले, कुणी कृष्णेत सोडले. पुढं वि. का. राजवाडे गावोगाव, दारोदार हिंडून कागद गोळा करत फिरले, तेव्हा त्यांनाही याच धास्तीनं कित्येक दारांतून परत पाठवलं. तरी त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि तोही आमच्या वाईतून. बाईंच्या वाड्यातलं नानांचं दप्तर मात्र नशीबवान. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांच्या हाती ते आलं आणि 'इतिहाससंग्रहा'तून त्यातलं पुष्कळ छापलं गेलं. त्यांचा साताऱ्याचा संग्रह पुढं १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. राजवाडे आणि पारसनीस, दोघेही १९२६ सालीच गेले. त्यांनी पायपीट केली नसती, तर मेणवलीच्या कागदांत वाण्यानं हिंग-जिऱ्याच्या पुड्या बांधल्या असत्या.

आमच्या बाडात राजकारण असेल, पानिपतावरचं एखादं पत्र असेल, म्हणून मामेभाऊ हरखला होता. वाईतल्या एका निवृत्त शिक्षकांना मोडी वाचता येतं, त्यांच्याकडं ते नेलं. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान वाचलं आणि हसले. चुना, वाळू, गूळ, बेलफळं, हिरडे, नळीची कौलं, खिळे आणि सुतळ. आमच्याच घराच्या डागडुजीचा हिशेब होता तो. मामेभावाचं तोंड पडलं. पण शिक्षक वाचत राहिले आणि पुढच्या पानावर मजुरीची यादी आली. सुतार, गवंडी, पाथरवट, बिगारी आणि चुना मळणाऱ्या नि वाहणाऱ्या बायका. प्रत्येकीचं नाव, कुणाची कोण, आणि कुणाला पैसे, कुणाला शेरावर जोंधळे. एकीच्या नावापुढं लिहिलं होतं, की बाळंत झाली म्हणून आठवडाभर आली नाही, तरी जोंधळे दिले.

ती नावं मी इथं देत नाही, कारण त्यांतली दोन-तीन आडनावं गावात आजही नांदतात आणि त्या घरांना मी विचारलेलं नाही. पण त्या दुपारनंतर मामेभावानं बंगल्याचा विषय काढला नाही. त्यानं उलट गवंडी शोधायला सुरुवात केली, चुन्याचं काम येणारा.

चुन्याचं काम येणारा गवंडी आता मिळणं कठीण. सिमेंटवाले शंभर. मिळाला तो वाईपलीकडचा म्हातारा, बरोबर नातू. त्यानं आल्या आल्या मागची भिंत बघितली. भूकंपानंतर कुणीतरी तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला होता. त्यानं नखानं तो खरवडला आणि आतली भिजकी माती दाखवली. म्हणाला, "ताई, चुन्याची भिंत पावसात ओल पिती आन् उन्हाळ्यात सोडून देती. ह्ये सिमेंट तिला सोडू देत न्हाई. मग ती ओल जाती कुठं? तुळईच्या टोकात." आणि खरंच, तुळईची भिंतीत गेलेली टोकंच तेवढी भुसभुशीत झाली होती, बाकी सागवान खणखणीत. चुना हौदात महिनाभर भिजत घातला, मग मळला. त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. सगळ्या अंगणाला गोडसर वास सुटला आणि गावातल्या मुंग्या लोटल्या. तुळयांची कुजकी टोकं कापून नवी जोडली, कौलं उतरवून धुतली, फुटकी बदलली. संडास आत घेतला. जुनं घर राखायचं म्हणून म्हाताऱ्या मामीनं रात्री अंगणापलीकडं जावं, असं कुठल्या शास्त्रात सांगितलंय?

ओसरीवर आत शिरताना उजव्या हाताला मामेभावानं एक सागवानी फळी लावली आहे. बाडातल्या सुताराचं, गवंड्याचं, पाथरवटाचं आणि चुना वाहणाऱ्या सगळ्या बायकांचं नाव तिच्यावर आहे. आमच्या पूर्वजांची नावं तिथं नाहीत. ती सातबाऱ्यावर होती तेवढी पुष्कळ झाली. फळी लावताना त्यानं या वेळच्या गवंड्याला नि त्याच्या नातवालाही विचारलं, तर म्हातारा लाजला. नातू मात्र मोबाईलमध्ये फोटो काढून घेऊन गेला.

बाईंचा वाडा अजून उभा आहे. नानांच्या घराण्यातल्या मंडळींनी तो आजवर राखला आहे. सहा चौकांचा वाडा राखणं किती खर्चाचं असतं, हे आम्हाला चार खणांच्या घरानं शिकवलं. भिंतींवरची चित्रं फिकी झाली आहेत, नानांचा म्हणून एक पलंग माडीवर दाखवतात. २००४ च्या 'स्वदेस'मध्ये हा घाट दिसला, तेव्हापासून शनिवार-रविवारी मोटारींची रीघ असते. शाहरुख खान कुठं उभा होता, ते दाखवणारी पोरं घाटावर भेटतात. त्यांचा मला राग येत नाही. चार पैसे गावात येतात. पण परवा एका चुणचुणीत पोराला मी विचारलं, "जिऊबाई कोण, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "न्हाई बा. पिच्चरमधली का?"

मी त्याला घाटाच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. नऊ वर्षांची पोर, लोहगड, पनवेल, बारा हजारांची नेमणूक, दारावरची टकटक, अर्धी खारीक. त्यानं फक्त एक विचारलं, "त्या काकी कुठल्या खोलीत बसायच्या?" ते मला सांगता आलं नाही. थोरल्या आईंना ठाऊक होतं, आजीलाही असेल. मी विचारलंच नव्हतं, कारण त्या वयात मला खारकेत जास्त रस होता. आता विचारायला कुणी नाही. १८५१ मध्ये मॅकडोनाल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं घराण्याचे कागद लावून नानांचं चरित्र छापलं, तेव्हा जिऊबाई हयात होत्या. त्यांच्या तोंडून चार पानं कुणी उतरवून घेतली असती, तर पेशवाईच्या शेवटाचा केवढा ऐवज आज आपल्या हाती असता!

नानांची पत्रं राहिली, कारण ती कागदावर होती. बाई राहिल्या त्या आमच्या घरातल्या बायकांच्या जिभेवर, आणि जीभ काही बळदात बांधून ठेवता येत नाही. म्हणून ज्यांच्याकडं जुनं घर आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. भिंतीला सिमेंट लावू नका. आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारल्याशिवाय फडताळ उपसू नका. ती काय सांगते ते तारखेसकट, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. खारीक की डिंकाची वडी, हे भांडण नंतर सावकाश करता येतं.